नदीत कोण ढकलणार

माझा जावई केटिल याच्या तोंडात एकच शब्द बसलेला आहे: ‘होईल’. छप्पर गळतंय, होईल. कापलेलं गवत भिजतंय, होईल. तसा हा शब्द अख्ख्या आइसलँडलाच चिकटलेला आहे, पण बाकीची माणसं तो हातातलं काम न थांबवता म्हणतात. केटिल आधी खाली बसतो, मग म्हणतो. आणि काही लपवायचं असलं तर त्याच्याही आधी मनगटावरच्या खळग्यात तपकीर ओततो, एका दमात ओढतो आणि डोळे पुसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला अजून वाटतं की हे कोणाला कळत नाही.

माणूस किनाऱ्यावरचा. मासेमारीच्या बोटीवर इंजिनपाशी वाढलेला. बोटीचं इंजिन डिझेलचं, त्याला ठिणगी लागत नाही, ते दाबानेच पेटतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते आणि ती वेळेवर पाडावी लागते, हे केटिलने ऐकलेलं होतं, पण त्याला ते कधी पटलं नव्हतं.

आमची जीप रशियन, कॅनव्हासच्या टपाची, माझ्या लेकीपेक्षा थोडीच लहान. माझा नवरा एविंदुर ती खोलायचा आणि मी टॉर्च धरून उभी राहायचे. टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. एविंदुर गेल्यावर मीच तिचं बघायचे. हिवाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या मास्तरासमोर चार आठवडे बसले, तेवढीच माझी शाळा. पण जीपचं पुस्तक रशियन भाषेत होतं, ते एविंदुरलाही कुठे वाचता येत होतं? मग शेत स्टेनूनच्या आणि केटिलच्या हवाली केलं, तेव्हा माझी लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, आता जीपही त्याचीच. तू बॉनेट उघडायचं नाहीस. तुझ्यासमोर तो इतकुसा होऊन जातो.”

बरं म्हटलं. आणि शब्द पाळला, दात आवळून पाळला.

पण कान तर बंद करता येत नाहीत. त्या वर्षीच्या वसंतापासून जीप सकाळी सुरू होईना. केटिल तिला गोठ्यामागच्या उतारावर उभी करायचा, ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळायला लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. मग ती खोकत, धूर सोडत चालू व्हायची. चढ लागला की इंजिनातून कडकड आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा. मी विचारलं की म्हणायचा, “पत्रा सैल झालाय कुठला तरी. बॅटरीही म्हातारी झालीय. होईल.”

“उतार नसेल तिथे काय करशील?”

“या देशात उतार कुठे नाही, रान्वेग?” असं म्हणून तो हसला. त्याचं हसू चांगलं आहे. माझी लेक त्यावरच भाळली.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या दिवसांत अख्ख्या खोऱ्यातली माणसं घोड्यांवर बसून वर जातात. स्टेनूनही गेली, या कामात तिच्यासारखी बाई आमच्या भागात दुसरी नाही. नदीपलीकडच्या झोपडीत माणसं रात्री मुक्काम करतात आणि त्यांचं खाणंपिणं जीपने पोचवायचं. ते काम केटिलचं. त्याने आदल्या संध्याकाळीच सामान भरलं: सुका मासा, लोणी, धुरावलेलं मटण, कॉफी, कोरडे मोजे. आणि भरायला सोपं पडावं म्हणून जीप कोठाराच्या दारात, अगदी सपाट जागेवर उभी केली. मी खिडकीतून पाहिलं. मनात म्हटलं, सकाळी ढकलत बस.

रात्रभर पाऊस पडला, आणि तोही उबदार पाऊस. तो मला गार पावसापेक्षा जास्त नकोसा वाटतो, कारण तो वरचा बर्फ वितळवतो.

उजाडतंय तोच कुत्री भुंकली. शेजारच्या शेतावरचा ओद्दुर अंगणात आला, घोड्यासकट ओला. घोडा थरथरत होता आणि त्याच्या जिनातून पाणी गळत होतं. ओद्दुर उतरला आणि आधी माझ्याकडे बघून मग केटिलकडे बघू लागला.

“स्टेनूनची घोडी काल संध्याकाळी दगडांत पडली,” तो म्हणाला. “स्टेनून खाली आली. मांडीचं हाड मोडलंय. झोपडीत आणून फळीला बांधलंय आम्ही, पण पाय सुजत चाललाय आणि पावलाला रंग नाही.”

“शुद्धीत आहे?” मी विचारलं.

“शिव्या देत होती. पहाटे गप्प झाली.”

ती गप्प झाली, हे मला हाड मोडल्यापेक्षा वाईट वाटलं. माझी लेक गप्प बसणारी नाही.

“आणि नदी?”

“माझ्या घोड्याच्या पोटाला लागत होती. तीही पहाटे, रान्वेग. पहाटे.”

ग्राउ नदी हिमनदीतून निघते. पहाटे ती सगळ्यात कमी असते, दिवस वर येईल तशी फुगत जाते आणि दुपारनंतर तिच्यात कोणी उतरत नाही. त्यात रात्रीचा पाऊस. मोडलेली मांडी घोड्यावर घालून नदीतून आणता येत नाही. ट्रॅक्टर होता, पण तो रांगत रांगत तिथे दुपारपर्यंत पोचला असता. मी डॉक्टरला फोन केला. फोनची तार सगळ्या शेतांना मिळून एकच, तिच्यावर अर्धं खोरं कान लावून बसलेलं असतं, त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही, ऐकून कोणी तरी गाडी काढेल. पण मोठ्या चाकांच्या गाड्या सगळ्या कत्तलखान्याकडे गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या अंगणात येऊन थांबतो, तिला नदीच्या अलीकडे आणायचं तुमच्याकडे. पावलाला रंग नसेल तर दुपारच्या आत आणा, नाहीतर पायाचं मी काही सांगू शकत नाही.

केटिलने एव्हाना सामान बाहेर फेकून जीपमध्ये गादी टाकली होती, तिला आडवी बांधून आणायला आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढून तेही घातलं होतं. तो बसला आणि सेल्फ मारला. इंजिन गरागरा फिरलं. नुसतं फिरलं. पुन्हा मारला. पुन्हा. पेट्रोलचा वास अंगणभर झाला.

“बॅटरी,” तो म्हणाला.

“बॅटरी गेलेली असती तर इतकं फिरलं असतं का? ठिणगीच पडत नाहीये. सेल्फ सोड, आहे तीही संपवशील.”

“ओद्दुर, ट्रॅक्टर काढ!” तो ओरडला. “दोर बांध, ओढून सुरू करू. एकदा सुरू झाली की मी बंदच करणार नाही.”

ओद्दुर निघालाही. मी जीपच्या पुढे जाऊन उभी राहिले.

“आणि नदीत बंद पडली तर?”

“नाही पडणार.”

“नदीत कोण ढकलणार, केटिल? मी?”

“रान्वेग, बाजूला हो. ती तिथे पडलीय!”

“माझी लेक आहे ती. मला सांगतोस ती कुठे पडलीय ते?”

एक क्षण मला खरंच वाटलं की हा मला हाताने बाजूला सारेल. त्याचे ओठ पांढरे पडले होते. एका मनाने मीही तेच म्हणत होते: जाऊ दे, ओढा, निघा, पाणी चढतंय. पण दुसऱ्या मनाला नदीच्या मधोमध उभी राहिलेली जीप दिसत होती, मागे दारावर बांधलेली स्टेनून. मी बॉनेट उघडलं. दिलेला शब्द त्या घटकेपुरता गेला.

आत इंजिनाच्या डोक्यावर माझा हातमोजा होता.

पिवळा, रबरी, भांडी घासायचा. गेल्या सप्टेंबरात जोडीतला एक नाहीसा झाला होता आणि मी वर्षभर कुत्र्याच्या पिल्लाला शिव्या घातल्या. आता हे सांगायला हवं की मोजा तिथे घालतातच. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजला की गाडी मेली, म्हणून नदीत उतरण्याआधी आम्ही त्याच्यावर रबरी हातमोजा ओढतो, बोटांची टोकं कापून त्यातून तारा बाहेर काढतो, आणि मनगटाशी करकचून बांधतो. पंख्याचा पट्टाही काढतो, म्हणजे पंखा पाणी उडवत नाही. पण पलीकडे गेलं की दोन्ही कामं उलटी करायची असतात. केटिलने पट्टा चढवला होता, कारण पट्ट्याशिवाय इंजिनाचं पाणी उकळतं. मोजा वर्षभर तसाच होता.

“हे काय आहे?”

“ते... पाणी जाऊ नये म्हणून. पुढच्या वेळी परत घालायला नको.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “मला वाटलं ते असलं तर बरंच.”

“बरंच? पाणी आत जाऊ नये म्हणून घातलास, ठीक. आतलं बाहेर कुठून जाणार?”

मी गाठ कापली, मोजा ओढून काढला. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. आतून घाम फुटलेला होता, बंद डब्यात गरम बटाटे ठेवल्यावर झाकणाला फुटतो तसा. ठिणगी जिथे तुटते ते दोन पॉइंट हिरव्यापांढऱ्या, बुरशीसारख्या गंजाने माखलेले. नवल एवढंच की ती जीप उतारावर तरी सुरू होत होती.

मी टोपी ओद्दुरच्या हातात दिली. “आत जा, ओव्हनमध्ये ठेव, दार उघडं ठेवून. भाजायची नाही, सुकवायची.” प्लग काढले, तेही पेट्रोलने ओले, तेही त्याच्याकडे दिले. माझ्या नखांची कानस आणून पॉइंट घासले, चकाकी येईपर्यंत. मापाची पत्ती मध्ये धरून फट लावली. केटिल माझ्या मागे येरझारा घालत होता आणि दर फेरीला डोंगराकडे बघत होता.

“किती वेळ?”

“तू जितका गप्प बसशील तितका कमी.”

ओद्दुर टोपी आणि प्लग गरमागरम घेऊन आला. सगळं लावलं. सेल्फ आता नुसता कण्हला. बॅटरी खरंच संपत आली होती, कोणाच्या कृपेने ते सांगायला नको. केटिलने इंजिन हाताने फिरवायचं हँडल उचललं आणि जीपच्या पुढे खुपसलं.

“अंगठा बोटांच्या बाजूला ठेव,” मी म्हटलं. “मुठीत धरू नकोस.”

त्याने ऐकलं नाही की ऐकू आलं नाही, कोण जाणे. जोर लावून हँडल मारलं. आत फाडकन आवाज झाला आणि हँडल उलटं फिरलं. केटिल ओरडला, मनगट धरून चिखलात बसला.

इतका वेळ जीप मेलेली होती. आता ती चावायला लागली.

मी आत्ताच सगळं साफ केलेलं, फट बरोबर लावलेली, आणि गाडी आधीपेक्षा वाईट! ठिणगी आता जोरदार पडत होती, पण भलत्या वेळी. दट्ट्या वर येण्याआधीच स्फोट होऊन तो मागे ढकलला जात होता. म्हणून हँडल उलटं. वेळ चुकलेली होती, आणि चुकली ती माझ्या हातून की काय? मी टोपी परत काढली, पत्ती पुन्हा घालून पाहिली. बरोबर. तारा एकेक हाताने धरून पाहिल्या, कुठली कुठे अदलाबदल झालीय का. नाही. अंगणाबाहेरच्या ओढ्याचा आवाज मघापेक्षा मोठा झाला होता. ओढा मोठा झाला की ग्राउचं वेगळं सांगावं लागत नाही.

“केटिल,” मी म्हटलं, “वेळ पुढे सरकलीय, ठिणगी आधीच पडतेय. खूप. आपोआप एवढी सरकत नाही. तू कशाला हात लावला होतास का?”

“पॉइंटला? नाही.”

“पॉइंटला नाही म्हटलं मी. कशालाही.”

त्याने डाव्या हाताने खिशातून तपकिरीची डबी काढली. मनगट सुजून टम्म झालेलं, त्यावर ओतायला जागा नाही, म्हणून नाकापाशीच डबी नेली. “नाही,” तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. डबीकडे पाहिलं. मग फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि डिस्ट्रिब्युटरची मान पुसायला घेतली, जिथे ती इंजिनात उतरते तिथे. वर्षानुवर्षांची काळी मळी निघाली. तिच्याखाली लाल रंग.

एविंदुरने ती रेघ ओढली होती, मेंढ्यांच्या पाठीवर खूण करतात त्या लाल रंगाने. अर्धी रेघ मानेवर, अर्धी खाली इंजिनावर. रेघ सरळ जुळली की वेळ बरोबर. आता वरचा अर्धा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे होता, मध्ये माझा अंगठा मावेल एवढं अंतर.

“हे पाय फुटून चाललं का?”

ओद्दुर जीपच्या पलीकडे जाऊन घोड्याला कोरडा करू लागला. चांगला माणूस आहे, कधी तोंड फिरवायचं ते त्याला कळतं.

“वसंतात सुरू होत नव्हती,” केटिल चिखलात बसल्या बसल्या म्हणाला. “स्क्रू सैल केला. थोडं फिरवलं. सुरू झाली. मला वाटलं, झालं.”

“मोजा घातलेला असताना?”

“मोज्यावरूनच धरलं.”

“आणि आत्ता मी विचारलं तेव्हा?”

त्याने डबी खिशात घातली. नंतर म्हणाला, “तू म्हणाली असतीस, बोटीवर परत जा.”

मी तसं म्हणाले असते. अगदी याच शब्दांत म्हणाले असते. पण ते ऐकून घ्यायला किती वेळ लागला असता? त्याच्या एका ‘नाही’पायी आम्ही तारा मोजत बसलो होतो आणि वर डोंगरात पाणी उतरत होतं.

“ऊठ,” मी म्हटलं. “ओद्दुर, ट्रॅक्टरची बॅटरी काढून इकडे लाव. मला नदीत भरलेली बॅटरी पाहिजे.”

पॉइंट खराब झाले तेव्हा वेळ मागे पडली, ठिणगी उशिरा पडू लागली असणार. याने डिस्ट्रिब्युटर फिरवून ती पुढे ओढली. मग मी पॉइंट नीट केले आणि ती आणखी पुढे गेली. दोन चुका एकमेकींना धरून उभ्या होत्या, मी एक काढली. आता दुसरी काढायची होती.

रेघ रेघेला जुळवली. पण रेघ जुनी, माझा जीव तिच्यावर सोडवेना. प्लग पुन्हा सैल केले, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. ओद्दुरच्या सिगारेटचा पातळ कागद मागून घेतला आणि पॉइंटच्या मध्ये धरून हलकेच ओढत राहिले. केटिल डाव्या हाताने हँडल फिरवू लागला.

“हळू. अजून हळू. इंजिनाच्या जड चाकावरची खूण त्याच्या झाकणातल्या छोट्या खिडकीत येईल तिथे.”

खूण खिडकीत आली की त्याच क्षणी पॉइंट उघडले पाहिजेत आणि कागद सुटला पाहिजे. आधी सुटला तर गाडी चावते, नंतर सुटला तर रडते. कागद माझ्या बोटांत ताणलेला. ओढ्याचा आवाज. केटिलचा श्वास.

“आली,” ओद्दुर खिडकीशी वाकून म्हणाला.

कागद अजून धरलेलाच होता. मी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. “मागे घे. परत.”

परत. खूण आली. कागद सुटून माझ्या हातात आला, लोण्यातून सुरी निघावी तसा. मी स्क्रू आवळला आणि त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. एविंदुर बरोबर होता. आयुष्यात फार वेळा नव्हता, पण तिथे होता.

प्लग आवळले, टोपी बसवली. “मार सेल्फ.”

इंजिन एकदा फिरलं आणि लागलं. शांतपणे. मी बंद करायला सांगितलं.

“बंद?” केटिल किंचाळला.

“बंद. आणि परत.”

परत लागलं. तेव्हा मी आत बसले. “पिवळा मोजा घे,” मी म्हटलं. “मी पुसलाय.”

केटिलचा उजवा हात कामातून गेलेला, आणि गिअर उजव्या हाताला. म्हणून क्लच त्याचा, स्टिअरिंग त्याच्या डाव्या हाताचं, आणि गिअर मी टाकायचा. ओद्दुर मागे गादी धरून. “टाक,” असं तो म्हणायचा आणि मी दांडा ओढायचे. चढावर कान टवकारले. वाटाण्यांचा आवाज नव्हता.

नदीकाठी केटिलने न सांगता पट्टा काढला, मोजा चढवला, दातांनी दोर ओढून गाठ मारली. ओद्दुर काठी घेऊन थोडा आत जाऊन आला, मांडीपर्यंत भिजला. पाण्यात उतरलो. पाणी दारांच्या फटीतून आत आलं आणि माझे बूट भरले, पण इंजिनाचा सूर बदलला नाही. पलीकडे गेलो.

झोपडीत स्टेनून फळीवर होती. चेहरा मेणासारखा. पाऊल हातात घेतलं तर माशासारखं गार. तिने डोळे उघडले.

“जीप... सुरू झाली?”

“झाली.”

“तू उघडलंस बॉनेट.”

“उघडलं.”

“आई, त्याला काही...”

“गप्प पड. मी अजून काही बोलले नाहीये.”

तिला दारावर बांधून आत सरकवलं तेव्हा ती ओरडली, आणि मला त्या ओरडण्याने बरं वाटलं. झोपडीपुढची जागा आमच्या अंगणापेक्षा सपाट. केटिलने सेल्फ मारण्याआधी एकदा माझ्याकडे पाहिलं. लागली.

परत आलो तर नदी ओळखू येईना. आम्ही ज्या दगडाशेजारून बाहेर पडलो होतो तो दगड दिसत नव्हता. पाणी राखेच्या रंगाचं, मधे बर्फाचे तुकडे. ओद्दुरने काठी बुडवून पाहिली आणि परत येऊन बसला. थोडा वेळ आधी आलो असतो तर, हे तिघांच्याही मनात आलं. केटिलने मोज्याची गाठ तपासली. मी पहिला गिअर टाकला. नदीत गिअर बदलायचा नसतो.

मध्यापर्यंत ठीक गेलं. मग पुढचं चाक कुठल्याशा दगडावर चढलं, जीप वाकडी झाली, धडकन खाली आली आणि इंजिन बंद पडलं.

इंजिन बंद पडल्यावर नदी किती मोठ्याने वाहते ते कळतं. पाणी माझ्या मांडीवर होतं. जीप बाजूने सरकली, थोडीच, पण सरकली. मागे ओद्दुर स्टेनूनवर आडवा पडून दार धरून होता.

“भिजलं?” केटिलने विचारलं. आवाज अगदी खाली.

“भिजलं नाही. दगडाने बंद पाडलं. क्लच दाब पुरता. आता मार.”

त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. सेल्फ मारला. वेळ पुढे असती तर इंजिन तिथेच उलटं अडकलं असतं आणि आम्ही चौघं त्या पाण्यात बसून राहिलो असतो, पाणी आम्हाला उचलेपर्यंत. मी दांडा इतका घट्ट धरला होता की नंतर बोटं सरळ होईनात. ते एकदा फिरलं. दुसऱ्यांदा फिरताना लागलं.

“हळू सोड,” मी म्हटलं. “अंड्यावर पाय ठेवल्यासारखा.”

त्याने हळू सोडला. डावा हात स्टिअरिंगवर, सुजलेला उजवा हातही स्टिअरिंगवर, ओठ चावलेले. चाकांनी तळ धरला. किनारा वर आला, खडे वाजले, पाणी दारांतून बाहेर पडायला लागलं.

काठावर थांबलो. केटिल खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि एका हाताने गाठ सोडवायला लागला. गाठ भिजून फुगलेली. मी जवळ जाऊन उभी राहिले. मागून स्टेनून म्हणाली, “आई, नको,” पण तिच्या गालांना थोडा रंग आला होता, म्हणून मी बोलायचं ठरवलं.

त्याने मोजा काढून झटकला आणि माझ्यासमोर धरला. तपकिरीच्या डबीला हात लावला नव्हता.

“केटिल,” मी म्हटलं, “नदीत तू घाबरला नाहीस, ते मी पाहिलंय आणि विचारेल त्याला सांगेन. पण ‘मी फिरवलं’ एवढं म्हणायला तुझी जीभ नदीपेक्षा जास्त घाबरली, आणि तेवढ्यात पाणी हातभर चढलं. तेच हातभर पाणी हिच्या उरावर आलं असतं. जीप तुझीच राहील, चालव. मी तुला बोटीवर परत जायला सांगणार नाही, आता सांगूनही तू जाणार नाहीस. पण जिथे तुझा हात लागेल तिथे तुझं तोंडही उघडायचं, त्याच दिवशी, माझ्यासमोर. आणि तो तुझा ‘होईल’ माझ्या घरात आजपासून बंद. हातमोजा माझा आहे, तो धुऊन खिळ्यावर लाव. आता पट्टा चढव, डॉक्टर थांबलाय.”